हिशेब मागण्याची वेळ येऊ नये

आपल्या बेटावर चार मराठी घरे एकत्र आली की मंडळ उभे राहते. कोणाचे भजनी मंडळ, कोणाचा झाकरीचा संच, कोठे नाटकवेड्या तरुणांचा गट, तर कोठे रविवारी फुटबॉल खेळणाऱ्यांचा क्लब. ही सारी हौसेची कामे आहेत. पगार कोणालाच नाही, उलट प्रत्येकाचे पदरचे चार पैसे खर्च होतात. पण हौसेलाही पैसा लागतो. ढोलकी हवी, पोशाख हवेत, हॉलचे भाडे, व्हॅनचे भाडे, ध्वनिक्षेपक, सरावानंतरचा चहा. मग फॅन्सी फेअर भरवावी, बिर्याणीचे डबे विकावेत, सोडतीची तिकिटे काढावीत, स्मरणिकेसाठी दुकानदारांकडून जाहिराती आणाव्यात, हे ओघानेच आले. यात गैर काहीच नाही. याच मार्गाने आपल्या वाडवडिलांनी बैठका चालविल्या आणि भाषा टिकविली.

मात्र या सर्व खटाटोपात एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. तिकीट घेणाऱ्याचा पैसा मंडळाच्या पेटीत पडल्यावर तो कोणाचा होतो? अध्यक्षांचा नव्हे, खजिनदाराचाही नव्हे, हे सर्वजण मान्य करतील. सभासदांचा म्हणावा, तर देणारा बहुधा सभासद नसतो. तो शेजारी असतो, कचेरीतला सहकारी असतो, मुलाच्या वर्गमित्राचा बाप असतो. त्याने दोनशे रुपये दिले ते 'मुलींच्या पोशाखांसाठी' असे त्याला सांगण्यात आले म्हणून. तेव्हा तो पैसा त्या सांगितलेल्या कामाचा आहे आणि मंडळ त्याचे राखणदार आहे. एवढी गोष्ट मनात पक्की झाली, की हिशेबाविषयीचे बाकीचे नियम समजावून सांगण्याची फारशी गरज उरत नाही.

कायदा काय पाहतो आणि काय पाहत नाही

मॉरिशसमध्ये अशा संस्थांची नोंदणी १९७८ च्या रजिस्ट्रेशन ऑफ असोसिएशन्स ॲक्टखाली होते. नोंदलेल्या संस्थेला नियमावली लागते, कार्यकारी समिती लागते, सभासदांची यादी आणि जमाखर्चाच्या वह्या ठेवाव्या लागतात. दरवर्षी हिशेबाचे पत्रक तयार करून ते रजिस्ट्रारकडे द्यावे लागते. सोडतीची तिकिटे काढायची असतील, तर तो विषय २००७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या गॅम्बलिंग रेग्युलेटरी ऑथॉरिटीच्या कक्षेत येतो. तेव्हा तिकिटे छापखान्यात देण्यापूर्वी तेथे चौकशी केलेली बरी. पुष्कळ मंडळांना ही दुसरी गोष्ट ठाऊकही नसते.

कायद्याची नजर दोन दिशांना आहे. एक रजिस्ट्रारकडे आणि दुसरी सभासदांकडे. परंतु ज्याने रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे राहून तिकीट घेतले, त्याच्याकडे कायदा फारसे पाहत नाही. त्याला वार्षिक सभेचे निमंत्रण नसते. पत्रक त्याच्या घरी येत नाही. काही छोटे गट तर नोंदणीच्या वाटेला जातच नाहीत. चार मित्र एकत्र येतात, कार्यक्रम करतात आणि पैसा एकाच्या खिशात राहतो. म्हणून कायदा पाळला म्हणजे कर्तव्य संपले असे समजणे चुकीचे होईल.

हा विषय आताच काढण्याचे कारणही आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये फायनान्शियल ॲक्शन टास्क फोर्स या पॅरिसस्थित आंतरराष्ट्रीय संस्थेने मॉरिशसला अधिक देखरेखीच्या, म्हणजे बोलीभाषेत 'करड्या', यादीत टाकले. त्यामागोमाग युरोपीय संघानेही आपल्या धोक्याच्या यादीत आपले नाव घातले. सर्वसाधारण समज असा की हा सारा मामला मोठ्या परदेशी कंपन्यांचा आणि बँकांचा होता. प्रत्यक्षात मॉरिशसने जी पाच कामे पूर्ण करावयाची होती, त्यांतील एक काम ना-नफा संस्थांवरील देखरेखीचे होते. दहशतवादाला पैसा पुरविण्यासाठी अशा संस्थांचा गैरवापर होऊ नये, हा त्यामागचा हेतू. ऑक्टोबर २०२१ मध्ये आपण त्या यादीतून बाहेर पडलो आणि २०२२ मध्ये युरोपच्या यादीतूनही.

भजनी मंडळाचा आणि दहशतवादाचा संबंध काय, असे कोणी हसून विचारील. संबंध काहीच नाही. पण बँकेच्या खिडकीपाशी त्याचे परिणाम जाणवतात. खात्यावरील सह्या बदलायच्या असोत की नवे खाते उघडायचे असो, आज सभेचे इतिवृत्त, नियमावली आणि पदाधिकाऱ्यांची ओळखपत्रे मागितली जातात. ज्या मंडळाची कागदपत्रे जागच्या जागी आहेत त्याचे काम होते. ज्याची वही गेल्या खजिनदाराच्या कपाटात आहे आणि तो खजिनदार आता फ्रान्समध्ये मुलाकडे राहावयास गेला आहे, त्या मंडळाचा पैसा असूनही नसल्यासारखा होतो.

कंपन्यांच्या मदतीचेही तसेच. २००९ पासून कायद्याने कंपन्यांना नफ्याचे २ टक्के सामाजिक कार्यासाठी काढून ठेवण्यास लावले. पुढे २०१७ पासून त्यातील वाटा सरकारी प्रतिष्ठानामार्फत वाटण्याची व्यवस्था आली. ओळखीच्या व्यवस्थापकाकडे जाऊन चेक घेऊन यावे, हे दिवस मागे पडले. मदत मागणाऱ्याने आधी आपला कारभार कागदावर दाखवावा लागतो.

अमेरिकेतील एक धडा

केवळ कायद्याची कागदपत्रे पूर्ण असल्याने लोकांचा विश्वास टिकतो असे मात्र नाही. याचे चांगले उदाहरण अमेरिकेत अलीकडेच घडले. तेथे अमेरिकन रेडिओ रिले लीग नावाची हौशी रेडिओवाल्यांची संस्था १९१४ पासून चालू आहे. स्वतःच्या यंत्रावरून दूरदेशीच्या दुसऱ्या हौशी माणसाशी संपर्क साधायचा, असा हा छंद. संस्थेचे लाखाहून अधिक सभासद आहेत. १५ मे २०२४ रोजी तिच्या संगणकांवर खंडणीखोरांनी हल्ला केला आणि तिच्या काही सेवा अनेक आठवडे बंद पडल्या. ऑगस्टमध्ये संस्थेने जाहीर केले की १० लाख डॉलर खंडणी द्यावी लागली. ती रक्कम आणि दुरुस्तीचा खर्च बहुतांशी विम्यातून निघाला, असेही तिने सांगितले.

त्याच वर्षाच्या आरंभी संस्थेने वर्गणी ४९ डॉलरवरून ५९ डॉलर केली होती आणि छापील मासिकासाठी वेगळे २५ डॉलर आकारण्यास सुरुवात केली होती. साहजिकच सभासदांना दुप्पट टोचले. अनेकांची तक्रार खंडणी दिल्याबद्दल जितकी होती, तितकीच किंवा त्याहून अधिक, आम्हांला वेळेवर आणि पुरेसे सांगितले नाही याबद्दल होती. तपास चालू असताना सर्वच गोष्टी बोलता येत नाहीत, ही संस्थेची अडचण खरी होती. तरीही सभासदांच्या मनातला सल गेला नाही.

आता लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की अमेरिकेत या बाबतीतले कायदे फार मोकळे आहेत. तेथील करमुक्त संस्थांना दरवर्षी फॉर्म ९९० नावाचे विवरणपत्र भरावे लागते. त्यात उत्पन्न, खर्च आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांचे पगारसुद्धा असतात. मागील तीन वर्षांची विवरणपत्रे कोणीही मागितली तर दाखवावी लागतात. ज्या संस्थेची वार्षिक जमा साधारणपणे ५० हजार डॉलरच्या आत असते, तिला मात्र केवळ एक छोटे सूचनापत्र भरून भागते. असा कायदा असतानाही सभासद दुखावले, कारण विवरणपत्र दाखल करणे ही एक गोष्ट आणि आपल्या माणसांना समोर बसवून सांगणे ही दुसरी. पहिली सरकारसाठी असते, दुसरी नात्यासाठी.

वर्गणीची जुनी रीत

आपल्या मूळ भूमीत, महाराष्ट्रात, सार्वजनिक गणेशोत्सवाची परंपरा १८९० च्या दशकापासून आहे आणि तिच्याबरोबर वर्गणीचीही. आज तेथे १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या ४१ क या कलमाप्रमाणे, उत्सवासाठी तात्पुरती वर्गणी गोळा करणाऱ्यांनीही धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. म्हणजे चार दिवसांच्या मंडपासाठी पैसे मागणारा माणूससुद्धा हिशेबाला बांधलेला आहे, हे तत्त्व तेथे कायद्याने मानले आहे.

कायद्याइतकीच तेथील एक रीतही उपयोगी आहे. वर्गणीची पावती छापील आणि क्रमांक घातलेली असते आणि देणगीदारांची नावे फलकावर लावली जातात. अनेक मंडळे दरवर्षी अहवाल छापतात व त्यात जमाखर्च देतात. फलकामुळे देणाऱ्याचा मान राहतो, आणि शंभर रुपये देऊन फलकावर पन्नास दिसले तर तोच पहिला विचारतो. जमेची बाजू अशी गल्लीतल्या सर्वांच्या डोळ्यांसमोर राहते. खर्चाची बाजूही त्याच फलकावर लागली, तर ही रीत पूर्ण होईल.

आपली खरी अडचण

मग आपल्याकडे हे का होत नाही? आळस हे एक कारण आहे, पण मुख्य कारण वेगळे आहे. आपला समाज लहान आहे. मंडळाचे अध्यक्ष कोणाचे काका असतात, खजिनदार कोणाचे मोठे भाऊ, चिटणीस कोणाच्या मावशी. ज्या काकांनी वीस वर्षे स्वतःच्या गाडीतून तबला-पेटी वाहून नेली, त्यांना भर सभेत उठून 'काका, त्या फॅन्सी फेअरचे काय झाले?' असे कसे विचारावे? विचारणारा उद्धट ठरतो. काकांना वाटते, एवढी वर्षे झिजलो त्याचे हे फळ. मग कोणी विचारत नाही. परंतु सभेत न विचारलेला प्रश्न लग्नाच्या पंगतीत विचारला जातो, गाडीत विचारला जातो, फोनवर विचारला जातो. तेथे उत्तर द्यावयास काका हजर नसतात. अशा कुजबुजीतून मंडळे फुटतात, एका गावात एकाची दोन होतात, आणि पुष्कळदा कोणी एक पैसाही खाल्लेला नसतो.

म्हणून हिशेबाची वही सर्वांत अधिक उपयोगी पडते ती प्रामाणिक खजिनदाराला. अप्रामाणिक माणूस वही असली तरी वाट काढील. प्रामाणिक माणसाजवळ मात्र वहीवाचून दुसरा साक्षीदार नसतो. यावरचा उपाय लोकांना प्रश्न विचारण्याचे धैर्य शिकविणे हा नव्हे. हिशेब आपणहून, ठरलेल्या दिवशी, कोणी मागण्यापूर्वी देण्याची सवय लावणे हा आहे. तो दरवेळी सर्वांनाच दिला जात असेल, तर त्यात कोणावर अविश्वास दाखविल्यासारखे होत नाही, आणि वडीलधाऱ्यांचा मानही राहतो.

हिशेब कसा सांगावा

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका नाट्यमंडळाने बिर्याणीचे ३०० डबे, प्रत्येकी २०० रुपयांप्रमाणे, विकले. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर जाहीर होते, '६० हजार रुपये जमले, सर्वांचे आभार!' ऐकणाऱ्याच्या डोक्यात ६० हजार बसतात. पण तांदूळ, कोंबडी, मसाले, गॅस आणि डबे यांचा खर्च ३५ हजार, हॉलचे भाडे ३ हजार. शिवाय २५ डबे उधारीवर गेले, त्यांचे ५ हजार अजून यावयाचे आहेत. म्हणजे रोख आली ५५ हजार, खर्च झाला ३८ हजार आणि हातात राहिले १७ हजार. उधारी वसूल झाली तर २२ हजार. पुढे पोशाख २० हजारांचे आले आणि 'पैसे कमी पडतात' असे मंडळाने म्हटले, की लोक विचारतात, बाकीचे ४० हजार कोठे गेले? येथे चोरी झालेली नाही. फक्त विक्रीचा आकडा शिल्लक म्हणून सांगितला गेला. जमा, खर्च, येणे आणि शिल्लक हे चार आकडे एकाच कागदावर लिहिले असते, तर सहावीतल्या मुलालाही ते समजले असते.

दुसरी गोष्ट पैसे घेण्याच्या जागेची. आता ज्यूससारख्या बँकेच्या मोबाइल सेवेने क्षणात पैसे पाठविता येतात. सोय मोठी आहे. पण नंबर कोणाचा दिला जातो? बहुधा खजिनदाराचा स्वतःचा. मग मंडळाचे दोनशे रुपये, त्यांच्या मुलीच्या शिकवणीची फी आणि घरचे विजेचे बिल एकाच खात्यात मिसळतात. उद्या ते आजारी पडले, तर कुटुंबीयांनी कोणता पैसा कोणाचा हे कसे ओळखावे? खाते मंडळाच्या नावाचे असावे, त्यावर दोन सह्या लागाव्यात, आणि त्या दोन सह्या एकाच घरातील नसाव्यात.

तिसरी गोष्ट उद्देशाची. महाराष्ट्राच्या दौऱ्यासाठी पैसा गोळा केला आणि दौरा रद्द झाला, तर तो पैसा परस्पर ध्वनिक्षेपकावर खर्च करणे बरोबर नाही, मग ध्वनिक्षेपकाची गरज कितीही खरी असो. देणाऱ्यांना कळवावे, 'दौरा होत नाही, हा पैसा आम्ही अमुक कामाला लावू इच्छितो, ज्यांना मान्य नसेल त्यांनी परत न्यावा.' फार थोडे लोक परत नेतील. सर्वांत सोपे म्हणजे तिकिटावरच एक ओळ छापावी, की उरलेली रक्कम मंडळाच्या इतर कार्याला वापरली जाईल. आधी सांगितलेले पुढे वादाचे कारण होत नाही.

चौथी गोष्ट नात्यागोत्याच्या व्यवहाराची. अध्यक्षांच्या मेहुण्याची व्हॅन भाड्याने घेण्यात काही पाप नाही. कदाचित तीच स्वस्त असेल. पण ते समितीत सांगावे, इतिवृत्तात लिहावे, आणि ठरविताना अध्यक्षांनी बाजूला बसावे. तसेच फुकट मिळालेल्या वस्तूंचे. कोणी ढोलकी दिली, कोणी कापड दिले, त्याची नोंद हवी. नाहीतर दहा वर्षांनी ती ढोलकी कोणाच्या घरातली आणि कोणाच्या मालकीची, यावर भावाभावांत वाद होतो.

आक्षेप आणि उत्तर

यावर एक आक्षेप येईल आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. दिवसभर नोकरी करून संध्याकाळी नाटकाचा सराव करणाऱ्याने कागद किती भरावेत? नियमांचा भार वाढला की माणसे मंडळ सोडून घरी बसतात, आणि मग ना नाटक ना हिशेब. ही भीती खोटी नाही. ज्या आंतरराष्ट्रीय संस्थेने ना-नफा संस्थांवर देखरेखीचा आग्रह धरला, तिनेसुद्धा नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्या या शिफारशीत सुधारणा केली. उपाय धोक्याच्या प्रमाणात असावेत आणि चांगल्या संस्थांच्या कामात विनाकारण अडथळा येऊ नये, असे तिने स्पष्ट केले. अनेक देशांत लहान संस्थांना मोठ्यांच्या मापाने कापले जात होते, हे तिच्याही लक्षात आले.

म्हणून वीस माणसांच्या झाकरीच्या संचाने कंपनीसारखा ताळेबंद छापावा असे कोणी म्हणणार नाही. त्याने एक पान लिहावे. वर कार्यक्रमाचे नाव आणि तारीख, खाली जमा, खर्च, येणे, शिल्लक, आणि शेवटी दोन सह्या. बिले एका पाकिटात. याला एक संध्याकाळ पुरते. वर्षातून असे दोन कार्यक्रम झाले तर दोन संध्याकाळी. सरावानंतरच्या चहालाही आपण याहून अधिक वेळ देतो.

आपल्या मंडळाच्या पुढील वार्षिक सभेत एकच ठराव मांडण्यासारखा आहे. पैसा गोळा करण्याच्या प्रत्येक कार्यक्रमानंतर तीस दिवसांच्या आत त्याचे एक पान हॉलच्या फलकावर लावावे आणि ज्या व्हॉट्सॲप गटांवर तिकिटे विकली त्याच गटांवर पाठवावे. सभासद असो वा नसो, ज्याने पैसे दिले त्याला ते वाचता यावे. या ठरावाला सरकारची परवानगी लागत नाही, वकील लागत नाही, खर्चही येत नाही.

आज आपल्या मंडळांत पांढऱ्या केसांची माणसे अधिक आणि तरुण कमी, ही तक्रार प्रत्येक सभेत ऐकू येते. भाषा येत नाही, वेळ नाही, अशी कारणे आपण त्यांच्या माथी मारतो. ती काही अंशी खरीही आहेत. पण ही मुले बँकांत, विमा कंपन्यांत, हिशेब तपासणाऱ्या कचेऱ्यांत काम करतात. पावतीशिवाय पैसा हलत नाही, हे त्यांच्या रोजच्या अंगवळणी पडले आहे. मंडळात आल्यावर त्यांना वही दिसत नाही आणि विचारण्याची चोरी वाटते, तेव्हा ती काही न बोलता दूर होतात. त्यांच्यापैकी एखाद्या मुलीला खजिनदार काकांच्या शेजारी बसवून ते एक पान लिहावयास सांगितले, तर काकांचे ओझे हलके होईल आणि मुलीला मंडळ आपले वाटेल.